लेबलवरची मावशी

सहा वर्षांनी नंदकुमार सरांना वेसाव्यातल्या या घराची आठवण झाली, तीही काजूकतलीचा पुडा घेऊन. दारात त्यांना बघताच जयाच्या डोक्यात तिडीक गेली. तरी पाणी दिलं. घरी आलेल्याला पाणी न विचारण्याइतकी ती खाली उतरली नव्हती.

बरोबर स्वरदा नावाची त्यांची विद्यार्थिनी होती. बोलली तीच. इथल्या खडकांतून नेलेल्या नारिंगी समुद्री स्पंजातून त्यांच्या प्रयोगशाळेत एक पदार्थ निघाला होता. अल्झायमरमध्ये मेंदूत जे काही साचत जातं, त्यापासून काचेच्या बशीतल्या पेशी त्याने वाचवल्या होत्या. औषध व्हायला बरीच वर्षं लागतील, कदाचित होणारही नाही, हे पोरीने प्रामाणिकपणे सांगितलं. पण नेलेला स्पंज संपला होता. तीनदा येऊन शोधलं, भलतेच स्पंज हाती लागले. तो नेमका कुठल्या खडकाखालचा, ते मावशींनाच ठाऊक.

मावशी म्हणजे जयाची सासू. ती आतल्या खोलीत एकाच टॉवेलची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती.

जयाला तो दिवस लख्ख आठवत होता. अमावास्येची मोठी ओहोटी. सासू आयुष्यभर कालवं काढायला जायची, खडकाची फट न् फट तिच्या पायाखालची. चला, दाखवते, म्हणाली. सरांनी आपल्या बुटांकडे पाहिलं, तिच्या हातात चार डबे दिले आणि स्वतः होडीच्या सावलीत बसून राहिले. म्हातारी गुडघाभर पाण्यातून जाऊन डबे भरून घेऊन आली. कालवाच्या शिंपल्याने तळपाय कापला होता, तो तिने पदराने पुसला.

"डब्यावर काय लिहिलंत?" जयाने विचारलं.

स्वरदाने खाली मान घालून फोनवरचा फोटो दाखवला. वेसावे, खडकाळ किनारा, स्थानिक मावशीकडून.

"मावशी हे नाव असतं का हो सर? बाजारात शंभर मावश्या बसतात. तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. बूट भिजवले असतेत तर आज माझ्या दारात यायची वेळ आली नसती."

सर ओशाळले. चूक झाली म्हणाले. या वेळी फॉर्म आणलाय, नाव रीतसर लागेल, फक्त एकदा त्यांच्याशी बोलू द्या.

जयाने मुद्दामच काही सांगितलं नाही. दोन वर्षं घराची किल्ली तांदळाच्या डब्यात सापडत होती. गुणाजी होडीवरून आला का, म्हणून सासू मेलेल्या नवऱ्याची वाट बघायची. हे सरांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, असं जयाला वाटत होतं. राग त्यांच्यावर होता, तसा स्वतःवरही. सासू तिलाही म्हणायची, चल गं, खडक दाखवते. जया म्हणायची, उद्या.

"विचारा," ती म्हणाली.

सर आत जाऊन खाटेशेजारी बसले, स्पंजाचा छापील फोटो पुढे धरला. मावशी, हा कुठे मिळतो? म्हातारीने फोटो हातात घेतला, उलटा केला आणि टॉवेलच्या घडीत ठेवून दिला. सरांनी जयाकडे पाहिलं. आजाराचं नाव त्यांना सांगावं लागलं नाही. चेहरा पार उतरला त्यांचा. काय करावं न सुचून त्यांनी पेन उघडलं.

"यांचं नाव काय?"

"तिलाच विचारा. सहा वर्षांपूर्वी विचारायचं होतं, ते आज विचारा."

सरांनी विचारलं. म्हातारीने आधी त्यांना न्याहाळलं. मग तिने जयाकडे पाहिलं, कुणीतरी सांगावं म्हणून. तिची ती नजर जयाला सोसवेना.

"रत्नप्रभा," जया म्हणाली. "पूर्ण लिहा. रत्नप्रभा गुणाजी."

म्हातारीचा चेहरा उजळला.

"छान आहे गं नाव," ती म्हणाली. "कुणाचं?"