परत घेतलेली चाल

वजीर उचलला आणि दादाचा हात हवेतच थांबला. मग काही झालंच नाही अशा थाटात त्यानं तो जागेवर ठेवला.

"चुकून लागला हात, नले," तो समोरच्या धाकट्या बहिणीला हळूच म्हणाला.

नलूनं घड्याळ थांबवून पंचांना बोलावलं.

वर्ध्याला पन्नाशीपुढच्यांची स्पर्धा होती. पुंडलिकराव सर, म्हणजे दादा, खेळणार असं कळलं म्हणूनच देवळीत ब्लाउज शिवणाऱ्या नलूनं नाव दिलं होतं. तिच्या वाट्याला काळे आले. नवल नव्हतं, घरीही पांढरे दादाचेच असत.

शाळेत असताना बाबांनी ठरवलं होतं, दोघांत जिंकेल तो नागपूरला खेळायला जाईल. नलू जिंकत आली होती. दादानं हत्ती हलवला, चूक दिसली तशी चाल परत घेतली. "घेऊ दे त्याले, भाऊ हाये तुहा," बाबा म्हणाले. दादा नागपूरला गेला, पुढं बुद्धिबळाचा मास्तर झाला. नलूला लग्नात शिलाई मशीन मिळालं. काजं करता करता ती मनात तो डाव पुन्हा खेळायची. दर वेळी जिंकायची, आणि दर वेळी दादाच नागपूरला जायचा.

आज तिनं बाबांनीच शिकवलेला फ्रेंच बचाव लावला. आधी दार लावून घ्यायचं, मग बाहेरचा कंटाळेपर्यंत थांबायचं, असं ते सांगत. त्यात आपलाच एक उंट आपल्याच प्याद्यांमागं कोंडून पडतो. नलूनं तो सकाळभर कोंडून ठेवला होता. आत्ता कुठं त्याची वाट मोकळी होत होती.

पंच आले. दादानं तिच्याकडं पाहिलं, लहानपणी बाबांकडं पाहायचा तसं.

"त्यायनं वजिराले हात लावला," नलू म्हणाली. "वजीरच चालवा लागन."

पंचांनी विचारल्यावर दादानं हो म्हणून मान हलवली. वजीर कुठंही नेला तरी तिथून राजा राखता येत नव्हता. उंट बाहेर आला. थोड्याच वेळात दादानं हार मानून हात पुढं केला.

पंच गेल्यावर तो म्हणाला, "एक चाल देली असती तर काय गेलं असतं तुहं?"

नलूनं मोहरे त्या चालीआधीच्या जागी मागं नेले. वजीर त्याच्या घरात ठेवला.

"घे. देली. खेळ आता."

दादा पटावर वाकला. बराच वेळ पाहत राहिला. उंट तरीही येतच होता, फक्त एक चाल उशिरा. आजूबाजूची टेबलं रिकामी झाली. नलू पदरानं चष्मा पुसत थांबली. तिला घाई नव्हती. दादाचा हात एकदा वर आला, वजिरापाशी थबकला, आणि कशालाही न लागता मांडीवर परत गेला.