बंबावरची साय

“हवा दमट असली ना ताई, की या डब्याला हातसुद्धा लावायचा नाही,” मॉडेलच्या दुकानातले काका तिला बजावत होते. “हो हो,” म्हणत तिने क्लिअर लॅकरचा, म्हणजे चकाकीच्या फवाऱ्याचा डबा पिशवीत टाकला. रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या बाईला दमट हवा म्हणजे काय, हे आता दुकानदाराने शिकवायचं?

त्या शहाणपणाचं फळ शुक्रवारी सकाळी गच्चीवर तिच्यापुढे उभं होतं.

सासऱ्यांनी सव्वीस वर्षं जो आगीचा बंब चालवला, त्याची ही हातभर लांबीची हुबेहूब प्रतिकृती. घडीची शिडी, नळ्या, आरसे, दारावर पाण्यात भिजवून सरकवलेली सोनेरी अक्षरं. दीड वर्ष खपले होते ते. रविवारी अग्निशमन केंद्राच्या नव्या इमारतीत, काचेच्या कपाटात बंब बसायचा होता. चकाकीचा शेवटचा थर तेवढा बाकी होता. पण सासऱ्यांचे हात अलीकडे थरथरायचे, म्हणून त्यांनी डबा सुनेकडे दिला होता. “तुझा हात स्थिर आहे, तूच मार.”

हात स्थिरच होता. पण दोरीवर तिच्या तान्ह्या ठमीचे लंगोट कालपासून ओलेच लोंबत होते, ते बघूनही तिने फवारा मारला. आणि दहा मिनिटांत त्या झगझगीत लाल रंगावर दुधावर धरावी तशी पांढुरकी साय धरली.

सासरे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

“असू दे,” ते म्हणाले. मग जिन्यातून सासूबाईंना, “ते माझं सगळं सामान भंगारात देऊन टाक. वय झालं आता.”

सासूबाईंचा चेहरा उतरला. “अगं, निवृत्त झाले त्या दिवशीही असं बोलले नव्हते गं हे.”

“सगळं घासून नवा रंग मारायचा,” नवऱ्याने सुचवलं.

“दोन दिवसांत? आणि ती अक्षरं कुठून आणू? तू कोरणार?”

बंब तर गेलाच, आता माणूसही जाणार हातचा.

ठमीला झोपवता झोपवता तिने डोकं चालवलं. फवारा उडताना गारवा धरतो, हवेतलं पाणी ओढतो आणि ते पाणी थरात अडकतं. म्हणजे खालचा रंग शाबूत आहे! लॅकरवर पुन्हा लॅकर पडलं की जुना थर विरघळून मऊ होतो. मग अडकलेलं पाणी निघून का नाही जाणार?

पण प्रयोग बंबावर करायची छाती कुणाची? तिने ठमीचे तीन प्लास्टिकचे चमचे घेतले, उरलेल्या रंगाने लाल केले, एकावर उरलंसुरलं सोनेरी अक्षर चिकटवलं आणि संध्याकाळी त्याच दमट हवेत मुद्दाम फवारून तिन्ही बिघडवले. तिन्हींवर साय धरली. इतकं मन लावून काही बिघडवायची तिची पहिलीच वेळ.

शनिवारी ऊन कडक पडलं. लंगोट तासाभरात कडकडीत वाळले आणि ती उठलीच.

“ठमीला आत ठेवा आणि दार लावून घ्या, वास नको जायला.” तिने विषारी वाफ गाळणारा मास्क चढवला.

“दरोडा घालायला निघालीस की काय?” सासूबाई म्हणाल्या.

डबा कोमट पाण्यात बसवला, खळाखळा हलवला. पहिल्या चमच्यावर हात जड पडला, ओघळ आले. दुसरा फार लांबून मारला, तो खरखरीत झाला आणि पांढरा तो पांढराच. तिसऱ्यावर, अक्षरवाल्या, वीतभर अंतरावरून दोन झिरझिरीत थर, मध्ये वाळू द्यायला वेळ, आणि मग एक ओला. साय विरली. अक्षराला सुरकुतीसुद्धा नाही!

मग बंब. दोन झिरझिरीत थर झाले, काही फरक नाही. मग तिने तिसरा, ओला थर मारला. टपापासून सुरुवात झाली, लाल रंग धुक्यातून बाहेर आला, दारं उजळली, सोनेरी अक्षरं लखलखली.

“बाबा, वर या!”

“कशाला?”

“या म्हणते ना!”

सासरे आले. वाकले. बॉनेटमध्ये त्यांना स्वतःची मिशी दिसली. तेवढ्यात नवऱ्याने बोट पुढे केलं आणि गच्ची दणाणली, “हात मागे! ओलं आहे ते!” बंब चालवताना गर्दी हटवणारा सासऱ्यांचा तोच आवाज. जिन्यात सासूबाई डोळे पुसत हसत होत्या.

रविवारी नव्या इमारतीत जुने सोबती कपाटाला नाकं लावून उभे राहिले. “काय चकाकी आहे!” केंद्रप्रमुख म्हणाले. सासऱ्यांनी सगळ्यांदेखत तिला पुढे ओढलं. “शेवटचा हात आमच्या सूनबाईंचा.” ती एवढी फुगली की विचारू नका.

प्रमुखांनी लगेच उंच शिडीच्या गाडीची प्रतिकृतीही मागितली. झालं! भंगारात जाणारं सामान पुन्हा मागच्या खोलीत मांडलं गेलं. हात थरथरतात, पण तिने युक्ती दिली आहे: फवारा गाडीच्या अलीकडे सुरू करायचा, पलीकडे थांबवायचा, थरथर हवेत जाते, गाडीवर नाही. आज ते पहिल्यांदाच एकटे मारताहेत.

तिला उठता येत नाही, ठमी अंगावर पिता पिता आत्ता कुठे पेंगतेय. आतून फुस्स फुस्स ऐकू येतंय. म्हणून ती तुम्हालाच विनवतेय, “अहो, जरा त्या खोलीत डोकावता का? धूळ बसते म्हणून खिडकी लावून तर घेतली नाही ना बाबांनी? आणि मास्क नाकावर आहे की नुसता कपाळावर, तेवढं बघून या.”