सुईचं टोक

तुटलेल्या सुईचे दोन तुकडे आजीने चिकटपट्टीवर एकाखाली एक लावले, आणि शेजारी नवी सुई ठेवली. तुकडे जोडूनही सुई आखूड भरत होती. फार नाही, गव्हाच्या दाण्याएवढी. पण तो दाणा म्हणजे सुईचं टोक होतं, आणि सकाळी त्या सुईने तिने बाहुली शिवली होती. बाहुली आत्ता आतल्या खोलीत झोपलेल्या नातीच्या गालाखाली होती.

तीस वर्षं आजीने कपड्यांच्या कारखान्यात मशीन चालवलं होतं. तिथला एक नियम ब्रह्मदेवाचा बाप आला तरी बदलायचा नाही: सुई तुटली की तिचे सगळे तुकडे सापडून कागदावर जुळेपर्यंत ओळीतल्या कुणीही जागचं उठायचं नाही. एकदा एका टोकापायी सव्वीस बायका जेवणाच्या सुट्टीत उपाशी बसल्या होत्या, आणि सुपरवायझरपेक्षा जास्त आरडाओरडा आजीनेच केला होता. अशी ही बाई, आणि स्वतःच्या घरात तिने काय केलं? बाहुलीच्या मानेच्या जाड शिवणीवर मशीनची सुई कडकन तुटली, हाताला लागले ते तुकडे तिने डबीच्या झाकणात टाकले, नवी सुई लावली आणि शिवत सुटली. कारण साडेतीन वर्षांची गुंडी शेजारी उभी राहून सारखी विचारत होती, "झाली का? आजी, झाली का?" खरं तर घाई गुंडीपेक्षा आजीलाच होती. आजीच्या आईने तिला लहानपणी अशाच चिंध्यांच्या बाहुल्या करून दिल्या होत्या, कोळशाने डोळे काढलेल्या. बाहुली हातात आल्यावर गुंडीचं तोंड कसं होतं ते तिला बघायचं होतं. बघितलं, आणि त्या आनंदात तुकडे जुळवायचेच राहिले.

आता बोला!

बाहेरच्या खोलीत लेक लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होती. सोमवारपासून तिला रोज ऑफिसला जायचं होतं, आणि गुंडीला पाळणाघरात ठेवायचं की आजीकडे, हे आठवडाभर घोळत होतं. "आई, तुला झेपेल का?" लेक विचारायची. "तुला नाही का वाढवली?" म्हणून आजी तिचं तोंड बंद करायची. कालच कुठे लेक म्हणाली होती, "बरं, बघू या." त्या 'बघू या'वर आजीचा जीव टांगला होता. टोकाचं कळलं की संपलंच ते. तेव्हा सांगायचंच कशाला? बाहुली हळूच काढायची, उसवायची, टोक काढून पुन्हा शिवायची. या कानाचं त्या कानाला कळणार नाही.

गुंडी कुशीवर झोपली होती. बाहुली दोन्ही हातांनी आवळलेली, आणि गाल नेमका बाहुलीच्या मानेवर. आजीने पाय धरून बाहुली जराशी ओढली. गुंडीने झोपेतच ती आणखी आवळली आणि गाल घट्ट दाबला.

ओढलं की पोर आवळणार, आवळलं की टोक घुसणार. तिने तळहात हळूहळू गालाखाली सरकवला. आता टोचलं तर आपल्याला टोचेल, एवढीच सोय. पण असं किती वेळ बसणार? शेवटी ती वाकली आणि कानात कुजबुजली, "गुंडे, बाहुलीला शू लागलीये."

ही आणीबाणी गुंडीला चांगली ठाऊक होती. डोळे न उघडता तिने हात मोकळे सोडले. "ने तिला, लवकर," ती पुटपुटली.

स्वयंपाकघरात आजीने फ्रिजवरचं चुंबक ओढून काढलं. बाहुलीची मान कात्रीने उसवली, सगळा कापूस ताटात काढला, मूठमूठ पिंजून त्यावरून चुंबक फिरवलं. मग कापड उलटं केलं. शिवण न् शिवण चाचपली. काही नाही.

म्हणजे टोक बाहेर पडलं होतं. अंथरुणात, नाहीतर पोरीच्या अंगावर. नाहीतर तोंडात. आजीने ताट तसंच टाकलं. मग बाहेर जाऊन थेट लॅपटॉपसमोर उभी राहिली.

"मीटिंग बंद कर."

"आई, पाचच मिनिटं..."

"आत्ता. सुईचं टोक तुटलंय. बाहुलीत होतं, आता नाही. चूक माझी आहे."

लेक धावत आतल्या खोलीत गेली. तिने गुंडीला उचललं, खिडकीशी नेऊन गाल बघितले, ओठ बघितले, बोट घालून तोंड तपासलं. गुंडीने भोकाड पसरलं. आजी गुडघ्यांवर बसून चादरीवरून चुंबक फिरवत होती. चादर झाली, उशी झाली. मग तिने ते गुंडीच्या फ्रॉकवरून न्यायला सुरुवात केली. बाही, खांदा, कॉलर.

टक.

कॉलरच्या घडीत, गळ्यापासून दोन बोटांवर. आजीने ते चिकटपट्टीवर लावलं. सुई पुरी झाली.

"सोमवारपासून पाळणाघर," लेक म्हणाली.

"हो," आजी म्हणाली. लेकीच्या जागी तीही हेच म्हणाली असती.

गुंडीला स्वयंपाकघरातल्या ताटात बाहुलीचं रिकामं सालपट दिसलं आणि तिने पुन्हा सूर लावला. "आजी, शिव ना!" आजी सुईला हात लावेना. लेकच ताट पुढे ओढून कापूस बाहुलीत कोंबू लागली. बराच वेळ कोंबत राहिली.

"मला कधी केली नाहीस," ती मान खाली घालूनच म्हणाली.

"तुला दुकानातली आणली होती की. डोळे मिटणारी."

"हो. तू कारखान्यात असायचीस आणि ती डोळे मिटून पडायची. मी दिवसभर तिला उठवत बसायचे."

हे आजीला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

लेकीने बाहुली तिच्यापुढे सरकवली. "हाताने शिव. मी समोर बसते. आणि ही माझी. गुंडीला उद्या दुसरी कर, तीही माझ्यासमोर."

"माझी आहे!" गुंडी किंचाळली. "माझ्या आजीने केली!"

"आजी तुझी," लेक म्हणाली. "पण आई माझी आहे की नाही?"

पाळणाघराचा शब्द तिने फिरवला नाही, आणि आजीनेही विचारलं नाही. ती एकेक टाका घालत राहिली. इतकी वर्षं उशीर झालाच होता, आता घाई करून चालणार नव्हतं.