दूध पाजणाऱ्या जनावराला मीठ

नानांना आणायलाच नको होतं.

पाचोऱ्याहून धुळ्याची बस निघाली तेव्हापासून नीलेशच्या डोक्यात हेच चाललं होतं. शेजारी नाना, म्हणजे त्याचे वडील गिरधर, मांडीवर केळीची फणी घेऊन बसले होते. साहेबांसाठी.

"नाना, साहेब लोक असलं काही घेत नाहीत."

"केळी न खानारा साहेब मी अजून देखा नही," नाना म्हणाले. विषय संपला.

घरी त्याने एवढंच सांगितलं होतं, नोकरीच्या कामासाठी धुळ्याला बोलावलंय. चौकशी हा शब्दच काढला नव्हता. तर नानांनी धुतलेली टोपी काढली. पोराने साहेबासमोर एकटं उभं राहायचं नाही, हा त्यांचा कायदा. नीलेशची आई शेवंताबाई पण म्हणाली, जाऊ दे रे, तेवढंच त्यांचं फिरणं. नीलेश काय बोलणार?

नोकरी म्हणजे कोकणात, समुद्रावर. कंत्राटी. किनाऱ्यावर रोज चालायचं, मेलेलं कासव, डॉल्फिन काही दिसलं की फोटो काढून वर कळवायचं. पिंप्राळ्याचा हसनैन त्याच्या जोडीला. समुद्र न बघता मोठी झालेली ही दोन पोरं सरकारने समुद्रावर ठेवली होती. गावात यावर भरपूर हसून झालं होतं.

फेब्रुवारीत डॉल्फिन यायला लागले. मेलेले. पहिल्या दिवशी दोन, मग रोजच. आठवड्यात अकरा. अंगावर ना जाळ्याची खूण, ना बोटीचा मार. नीलेश रोज वर फोन करायचा. साहेब, डॉक्टर पाठवा. कापून बघायला पाहिजे, नमुने घ्यायला पाहिजेत. वरचे साहेब म्हणायचे, बघतो. दुसऱ्या दिवशी परत बघतो. बघायला कोणी आलं नाही.

मग शनिवार आला, पर्यटक आले. वास सुटलेला. पोरीबाळी नाकाला ओढणी लावून व्हिडिओ काढायला लागल्या. तेव्हा मात्र सरकार तासाभरात हललं. जेसीबी आला. वरून फोन, पुरून टाका, आजच्या आज.

शेवटची एक मादी होती. तिच्या बाजूलाच पिल्लू. मादीच्या पोटाखालून दूध गळत होतं. नीलेशला काही सुचेना. त्याने घरी फोन लावला.

"दूध पाजस ती?" नाना म्हणाले. "म्हंजे मासा नही?"

"नाही नाना. मासा नाही ती."

"मंग आपला चांद्या गया तव्हय काय करं व्हतं? तसंच कर. हळद-नारळ नही भेटनं तं नही, पन मीठ टाक. दूध पाजनारं जनावर बिनमिठानं मातीमा घालतस नही."

चांद्या त्यांचा बैल. बांधावर पुरला होता, मीठ टाकून, वर नारळ फोडून. त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती.

नीलेश आणि हसनैन सुकी मासळी वाळवतात तिथून चार गोण्या मीठ घेऊन आले. अकराच्या अकरांवर टाकलं. मग जेसीबीने माती लोटली.

पंधरा दिवसांनी पेपरात ओरड झाली. डॉल्फिन मेले कशाने? सरकार काय करतंय? मग धावपळ. वरून पथक आलं, गाड्या, पांढरे कपडे, हातमोजे. खड्डा उकरला. आत चिखल आणि हाडं. कोकणच्या दमट उन्हात पंधरा दिवस पुरलेलं आणखी काय राहणार, हे शेंबडं पोरगंही सांगेल. पण पथकाला मीठ सापडलं. मीठ सापडलं आणि सगळ्यांचे चेहरेच उजळले.

नोटीस नीलेशच्या नावाने निघाली. मीठ टाकून नमुने नष्ट केले. कंत्राट थांबलं, तो घरी आला. चौकशी बाहेरच्या अधिकाऱ्याकडे दिली, निःपक्ष पाहिजे म्हणून. तो अधिकारी बसायचा धुळ्यात.

हसनैनने फोनवर दहादा पढवलं होतं. "यार तू सरळ नाही म्हण. मीठ? कसलं मीठ? समुद्रकाठची वाळू आहे साहेब, समुद्रच खारा आहे, मी काय करू? जेसीबीवाला त्याच्या गावाला गेला. मी काय बघितलं नाही. कोण सांगणार?"

बरोबरच होतं त्याचं. मिठाचा मुद्दा गेला की मग एकच प्रश्न उरत होता. आठवडाभर डॉक्टर का नाही आला, आणि बिनतपासणीचं पुरायला कोणी सांगितलं? नोकरी राहिली असती, आणि त्या अकरा जनावरांबद्दल कोणाला तरी उत्तर द्यावं लागलं असतं. फक्त एक खोटं बोलायचं होतं. नीलेश बसमध्ये तेच घोकत होता. समुद्रच खारा आहे साहेब. समुद्रच खारा आहे.

ऑफिसात पोचल्यावर त्याने नानांना बाहेरच्या बाकावर बसवलं. "इथेच थांबा. आत यायचं नाही."

"केळी?"

"मी देतो नंतर."

आतले साहेब पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे, शांत. नीलेश खोटं बोलला. बऱ्यापैकी बोलला. साहेबांनी मान डोलावली. "म्हणजे तुम्ही मीठ टाकलं नाही."

"नाही साहेब."

"ठीक आहे." साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.  संपलं बहुतेक, नीलेशला वाटलं.

तेवढ्यात साहेबांनी दाराच्या फटीतून बाहेर बघितलं. "ते कोण?"

"वडील माझे. सहज आलेत."

साहेब स्वतः उठून दारात गेले, बाहेर का बसलात म्हणून आत बोलवायला. "आबा, बाहेर काब्र बठेल शेतस? या, मजार या. कोनता गावना तुम्ही?"

नाना ताडकन उभे राहिले. साहेबाच्या तोंडून घरची बोली ऐकून त्यांचा चेहरा असा फुलला की नीलेशला बघवेना. "पाचोराजोडेना, साहेब. तुम्ही?"

"मी साक्रीकडना. आपलाच माणूस समजा."

चहा आला. साहेबांनी फणीतलं एक केळ सोलून खाल्लं, गोड शे म्हणाले. पाऊसपाणी विचारलं, कापूस विचारला. नाना मोकळे होत गेले. मध्ये नीलेश म्हणाला, "नाना, चला, उशीर होतोय." नाना म्हणाले, "थांब रे, साहेब बोली राहनात."

मग साहेब हळूच म्हणाले, "पोऱ्या गुणी शे तुमना. पन लोके काहीबी बोलतस. म्हने यानी त्या मासासले मीठ टाकं. मी म्हनं, आपला खान्देशना पोऱ्या आसं काब्र करी?"

"नाना," नीलेश म्हणाला.

"काब्र म्हंजे?" नाना खुर्चीत पुढे सरकले. "करीच! मीच सांगं त्याले. ते मासा नही शे साहेब, दूध पाजस ते. आपन बैलले देतस का मिठबिगर? चार गोण्या टाक्यात यानी, चार! हात सोलाई गयात पोऱ्याना. कोनले लाज वाटी अशी शिकवन नही शे आमनी."

साहेबांनी केळीचं साल टोपलीत टाकलं. हात पुसले. कारकुनाकडे वळले. "घ्या लिहून. मीठ टाकल्याचं वडिलांनी मान्य केलं आहे. कर्मचाऱ्याने आधी खोटी माहिती दिली, तेही घ्या."

नीलेश उभा राहिला. आता लपवायला काही उरलं नव्हतं. "टाकलं साहेब, मीच टाकलं. पण आठवडाभर रोज फोन केले मी. डॉक्टर पाठवा म्हणून. नमुने घेतलेच नव्हते तर मी नष्ट कसे केले?"

"तो मुद्दा या चौकशीच्या कक्षेत येत नाही."

"मग कोणाच्या येतो?"

"आवाज कमी करा."

नाना एकदा साहेबांकडे, एकदा नीलेशकडे बघत होते. चहाचा कप हातातच. साहेब एकदम पुस्तकातलं बोलायला लागले, एवढं त्यांना कळलं होतं. "साहेब," ते म्हणाले, "मना काही चुकनं का?"

"नाही आबा. तुमची काहीच चूक नाही. इथे सही करा."

नानांनी सही केली. चौथीपर्यंत शिकलेले, सही झोकदार. जाताना साहेबांना नमस्कारही केला.

बसमध्ये नानांनी एकदाच विचारलं, काय झालं? नीलेश म्हणाला, काही नाही. राग कोणावर काढायचा ते त्याला कळत नव्हतं. 

महिन्याने पेपरात चौकट आली. नाना रोज टपरीवर पेपर वाचायचे, त्यांनीच पहिल्यांदा वाचली. कर्मचाऱ्याच्या अंधश्रद्धेमुळे डॉल्फिनच्या मृत्यूचं कारण कळू शकलं नाही. कर्मचाऱ्याची सेवा समाप्त. शासनाने प्रकरणाची गंभीर दखल घेतली असून, यापुढे मृत सागरी सस्तन प्राणी पुरताना मीठ वापरण्यास सक्त मनाई करणारं परिपत्रक काढलं आहे.

म्हणजे अकरा जीव गेले आणि सरकारने बंदी घातली मिठावर.

टपरीवर कोणीतरी हसलं असणार. नाना घरी आले, टोपी खुंटीला लावली. ओट्यावर येऊन बसले. मग म्हणाले, "अंधश्रद्धा म्हंजे आपन का रे?"

नीलेशने पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढे ठेवला.  

"आनि तू मले सांगं काब्र नही? खोटं बोलाले जाई राहनास, तं मी बाहेर बठतू. मुका बठतू."

"तुम्ही बसले असते?"



त्या आठवड्यात हसनैनचा फोन आला. नीलेश केळीच्या बागेत पाणी देत होता, नाना बाजूलाच. हसनैनने अजून तरी नोकरी टिकवली होती. तो घाईत होता. "यार, परत सुरू झालं. काल तीन, आज सकाळी दोन. जेसीबी आलाय. साहेब म्हणतो बिनमिठाचं पुरा, फोटो पाठवा. काय करू?"

नीलेश काही बोलायच्या आत नानांनी ओले हात धोतराला पुसले आणि फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"हसनैन, मी गिरधर. डॉक्टर उना का?"

"नाही चाचा."

"तू सांगं व्हतं?"

"तीनदा सांगितलं. म्हणाले, बघतो."

पलीकडे जेसीबीचा आवाज येत होता. नानांनी तो ऐकला. मग मीठ हा शब्द न काढताच फोन नीलेशच्या हातात दिला आणि फावडं घेऊन पुढच्या वाफ्याचं तोंड फोडायला गेले.