सरांना कळलं कसं

आमची ताई पीएचडी करत होती तेव्हाची गोष्ट. हल्लीच्या काही गाड्या आपापसांत बोलतात. मी इथं आहे, या वेगानं येतेय, ब्रेक दाबलाय, असं आजूबाजूच्या गाड्यांना सारखं कळवत राहतात, म्हणजे धडक टळते. मालक ओळखू येऊ नये म्हणून प्रत्येक गाडी थोड्या थोड्या वेळानं नवं टोपणनाव घेते. ताईचा प्रश्न एवढाच होता: टोपणनावं बदलली तरी गाडीचा माग काढता येतो का? आणि येत असेल, तर ते थांबवायचं कसं?

त्यासाठी तिनं ओळखीपाळखीच्या लोकांना गळ घातली. कुणी नर्स, कुणी सुतार, कुणी निवृत्त शिक्षक. प्रत्येकाच्या गाडीत तिनं असे निरोप पाठवणारा आणि टिपून ठेवणारा पाकिटाएवढा डबा बसवला, स्वतःच्याही. "कुठली गाडी कुणाची, हे मीसुद्धा शोधणार नाही," असा तिनं सगळ्यांना शब्द दिला.

एक दिवस चहा घेताना तिचे गाईड सहज म्हणाले, "कंपनीच्या नोकरीत काही राम नाही गं. डोकं गंजून जाईल तुझं."

ताईनं कप खाली ठेवला. आदल्याच आठवड्यात ती आपली गाडी घेऊन एका कंपनीत मुलाखत देऊन आली होती. कुणालाच सांगितलं नव्हतं, अगदी भावजींनाही नाही.

तरी पहिला संशय भावजींवरच गेला. घरात पाऊल टाकताच तिनं विचारलं, "माझा मोबाईल चाळतोस का रे तू?"

"मी? कशाला?"

"मग सरांना मुलाखतीचं कुणी सांगितलं?"

"कसली मुलाखत?"

झालं. चोर पकडायला गेली आणि आपणच सापडली. पुढं बरेच दिवस दोघं "भाजी आणलीस का" आणि "किल्ली कुठाय" यापलीकडे बोलत नव्हते.

मग संशय लॅबमधल्या सोबत्यावर सरकला. कॉम्प्युटरला चिकटला की सुटत नाही म्हणून सगळे त्याला मुंगळा म्हणत. तो जवळून गेला की ताई स्क्रीन वळवायची. त्यानं आणून दिलेला चहा तसाच गार व्हायचा. "माझं काही चुकलं का?" असं त्या बिचाऱ्यानं विचारलं, तर त्यातही तिला काळंबेरं दिसलं.

शेवटी ती माझ्याकडे आली. "दुपारी लॅबच्या आवारातून माझी गाडी ने. जनावरांच्या दवाखान्यात जा आणि तासभर बसून ये."

"अगं, मला माणसांचा डॉक्टर चालेल की."

"चेष्टा नको. आणि तुझा मोबाईल घरी ठेव."

त्या आठवड्यात मी तीनदा गेलो. कण्हणाऱ्या कुत्र्यांमध्ये रिकाम्या हातानं बसलो. एका बाईंनी विचारलं, "तुमचं कुठाय?" म्हटलं, "येतंय मागून." ताई तेवढा वेळ लॅबच्या वरच्या मजल्यावर वाचत बसलेली असायची.

सोमवारी सर तिच्या टेबलापाशी थांबले. आवाजात अगदी माया. "लवकर जायचं असेल तर जा हो. घरात मुकं जनावर आजारी असलं की कामात लक्ष लागत नाही."

"सर, आमच्याकडे जनावर नाहीये."

सर हसले. "मग तुझी पद्धत चुकली म्हणायची."

"पद्धत बरोबर आहे. गाडी गेली होती तिथं. मी नव्हते."

सरांनी खुर्ची ओढली आणि बसले. आवारातून रोज निघणारी गाडी धरली की पुढची टोपणनावं जोडत जाता येतात, हे ताईनंच शोधलं होतं. त्यांनी ते वापरून पाहिलं होतं, इतकंच, असं ते म्हणाले. परीक्षक विचारणार, खात्री करायला नको?

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू नेहमीसारखी फिरली असतीस का?"

हे खरंच होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. तिनं विचारलं, "आणखी कुणाकुणाच्या गाड्या पाहिल्यात?"

सर टेबलावरची पेनं सरळ लावत राहिले.

ताईनं विद्यापीठाच्या समितीकडे तक्रार केली. सरांना समज मिळाली, तिला नवे गाईड मिळाले, जमवलेली सगळी माहिती पुसली गेली. डबे काढायला ती घरोघर स्वतः फिरली आणि घडलेलं सांगत गेली. बऱ्याच जणांनी खांदे उडवले. नर्सनं मात्र विचारलं, "माझं काय पाहिलं त्यांनी?"

"माहीत नाही हो," ताई म्हणाली.

त्या बाईनं डबा स्वतःच उपटून तिच्या हातात ठेवला आणि दार लावून घेतलं. ताई त्या दिवशी जेवली नाही. भावजींनी ताट झाकून ठेवलं आणि तिच्याजवळ येऊन बसले. मुलाखतीचं तिनं त्यांना तेव्हा पहिल्यापासून सांगितलं. मुंगळ्याची माफी मागितली, तर तो म्हणाला, "मला वाटलं, माझा चहाच वाईट असतो."

नव्यानं माणसं जमवण्यात दोन वर्षं गेली. अखेरच्या तोंडी परीक्षेला मीही गेलो होतो. सर आले आणि मागच्या रांगेत बसले. एकही प्रश्न विचारला नाही. टाळ्या वाजवल्या आणि कुणाशी न बोलता निघून गेले. ते अभिनंदनाला आले होते की आणखी कशाला, हे ताईला अजून कळलेलं नाही.