ज्या दंडावर मला चढवलं नाही

मी पट्टा बोलतोय. कंबरेचा नव्हे, कुत्र्याच्या गळ्यातला तर मुळीच नव्हे. बीपी बघताना दंडाला गुंडाळतात ना, तो निळा पट्टा. माझ्या एका नळीला काट्याची तबकडी आहे आणि दुसरीला हवा भरायचा रबरी फुगा. आजवर मी गप्प राहिलो, कारण आमचं काम माणसाचं रक्त काय म्हणतंय ते ऐकण्याचं. पण आता राग आवरत नाही.

कारखान्यात एका बाईने माझ्या टोकाला चिकटपट्टी शिवली आणि दुसरीने मला स्वतःच्याच दंडाला बांधून पाहिलं. फुगा दाबला, काटा बघितला, "चांगलाय" म्हणाली. तेव्हा मला वाटलं, जगातला प्रत्येक दंड आपल्यासाठीच आहे. नवा होतो, एवढं चालायचंच. मग खोक्यात बसून मी जालन्याला आलो, तिथून अंबडला, आणि शेवटी एका गावच्या आरोग्य उपकेंद्रात. गावाचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर बाकीची गावं सुटका झाल्यासारखा श्वास टाकतील.

उपकेंद्राच्या नर्स उमाताई. पाच गावं, दोन तांडे आणि एक स्कूटी, एवढा त्यांचा संसार. बाई वाईट नाही, हे आधीच सांगतो. वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं, दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो.

माझा सगळ्यात ओळखीचा दंड बद्रीनाथअण्णांचा. गावातले मोठे शेतकरी. मंगळवारी आणि शुक्रवारी बाही वर करूनच आत यायचे.

"ताई, बघा बरं जरा. काल भरीत जास्त झाल्तं."

एकशे अडतीस.

"परत बघा. पट्टा बराबर बसला न्हाई."

परत एकशे अडतीस. मग अण्णांच्या घरी सून लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवायची, आणि टपरीवर चार दिवस अण्णांच्या बीपीशिवाय दुसरा विषय नसायचा. गेल्या हिवाळ्यात चहा पिता पिता त्यांचं तोंड वाकडं झालं. पाच मिनिटांत मी त्यांच्या दंडावर होतो, तासाभरात मुलाची गाडी जालन्यात होती. तिथं इंजेक्शन मिळालं. आज अण्णा त्याच टपरीवर, त्याच बाकावर बसून चहा पितात. त्यांचं भलं झालं याचं मला दुःख नाही. माझी तक्रार वेगळीच आहे.

नाल्यापलीकडे दोन किलोमीटरवर बंजारा तांडा आहे. दिवाळी झाली की तिथली निम्मी माणसं ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यातच परततात. फडावर पहाटेपासून कोयता, भाकरीबरोबर मीठ-मिरची, आणि डोकं ठणकलं की तंबाखूची चिमूट. कुणाचं बीपी किती, कुणी विचारत नाही. तांड्यावर मी वर्षातून एकदा जायचो, वरून तिशीपुढच्या सगळ्यांच्या तपासणीचा हुकूम आला की. एका दुपारात सगळा तांडा उरकायचा.

त्या दिवशी लिंबाखाली बायका ओळीने बसल्या होत्या. जमलीबाई राठोड पुढे सरकली. वय पंचावन्नच्या आसपास. तांड्यातल्या जुन्या बायका कोपरापासून खांद्यापर्यंत पांढऱ्या बांगड्या घालतात, बलिया म्हणतात त्यांना. लग्नात चढतात आणि नवरा गेल्यावरच उतरतात.

उमाताईंनी मला उलगडलं, तिचा दंड बघितला आणि परत गुंडाळलं.

"काकू, बलिया काढा."

"मालक जित्ता हाय, ताई. काढू कशी?"

"मग मोजू कुठं?"

"ते तुमाला ठाऊक. डोकं लय ठणकतंय म्हईन्यापासनं. ह्या हाताला मुंग्या येऊन राह्यल्या."

हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. बाई स्वतःच्या तोंडाने सांगत होती. मला मात्र एक गोष्ट ठाऊक होती, ती इथे सांगतो. अंबडच्या प्रशिक्षणात साहेबांनी बजावून सांगितलं होतं: दंडाला जमत नसेल तर पट्टा कोपराखाली बांधा, आणि तसं लिहा. मी टेबलावर पडून सगळं ऐकलं. उमाताई तेव्हा मान खाली घालून मोबाइलवर कसला तरी अहवाल भरत होत्या, कारण तो बाराच्या आत मागवला होता. जमलीबाईच्या मनगटाशी चारच काचेच्या बांगड्या होत्या. जरा खाली सरकवल्या असत्या तर मला हवी तेवढी जागा होती.

तांड्याची आशा सेविका अर्पिता बाजूलाच उभी होती. तिने विचारलं, "मंग हिचं काय लिहायचं?"

उमाताईंनी घड्याळ बघितलं. पुढचा तांडा बाकी होता. रजिस्टरात त्यांनी लिहिलं, एकशेवीस बाय ऐंशी. बलिया घातलेल्या बाकी बायकांपुढेही तेच. मग ऊन वाढलं आणि ज्यांचे दंड मोकळे होते त्यांच्यापुढेही तेच. एकेचाळीस माणसं, एकेचाळीस ओळी, सगळ्यांचं रक्त एका मापाचं. वर कुणाला शंकासुद्धा आली नाही. उलट काम वेळेत झालं म्हणून शाबासकी आली.

दोन महिन्यांनी, सकाळी सातच्या सुमाराला, नळावर हंडा भरताना जमलीबाई खाली बसली ती उठेना. उजवा हात लोंबायला लागला. तिचा नवरा थावरू आणि अर्पिता तिला जीपमध्ये घालून उपकेंद्रात घेऊन आले. उमाताई नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी मला हातात घेतलं, बलियांकडे बघितलं, खाली ठेवलं आणि रजिस्टर उघडलं.

"दोन महिन्यांपूर्वी तर नॉर्मल आहे. अशक्तपणा असेल. उन्हाचं काम करतात ना ही माणसं. पडू द्या जरा."

ऐकताय ना? स्वतःच लिहिलेली थाप त्यांनी स्वतःच वाचली आणि त्यांचा तिच्यावर विश्वास बसला. मी त्याच टेबलावर होतो, हातभर अंतरावर. मला तोंड असतं तर मी तिथेच ओरडलो असतो.

जमलीबाई तीन तास खाटेवर पडून होती. मधेच अण्णा आले, त्यांचा मंगळवार होता. खाटेकडे बघून म्हणाले, "तांड्यावरच्यांचं रक्तच गरम, ताई. त्यांच्यात हे चालायचंच." आणि त्यांनी बाही वर केली.

रक्त गरम म्हणे. अण्णा, मी आजवर कैक दंड आवळलेत. जातीचं, तांड्याचं, वाड्यातलं रक्त मला वेगवेगळं कधी ऐकू आलेलं नाही. वेगळं एवढंच की तुमचं आठवड्यातून दोनदा मोजतात आणि तिचं आयुष्यात एकदाही मोजलं नाही. हा फरक रक्तातला नाही, माणसांनी केलेला आहे.

अण्णांचं एकशे सव्वीस भरलं. ते गेले.

अकरा वाजता जमलीबाईचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं, तेव्हा अर्पिताच पुढे झाली. "ताई, पट्टा लावा."

"अगं, बलिया आहेत."

थावरू इतका वेळ दाराशी उकिडवा बसला होता. तो उठला, बाहेर जीपवाल्याकडे गेला आणि पक्कड घेऊन आला. बायकोचा डावा हात त्याने मांडीवर घेतला.

"मीच घातल्या होत्या, मीच काढतो," तो म्हणाला. "मी जित्ता हाय. कोन काय म्हनतंय बघू."

एकेक बलिया तडकत गेली. खाली जी कातडी निघाली ती तीस-पस्तीस वर्षांत ऊन न बघितलेली, लहान मुलासारखी. मग पहिल्यांदा मी तिच्या दंडावर चढलो. काटा दोनशे तीसच्या वर गेला. उमाताईंनी परत फुगवलं. तेवढाच. मग त्यांनी अँब्युलन्सला फोन लावला.

पुढचं मला अर्पिताकडून कळलं. जालन्याला पोचेपर्यंत एक वाजला. डॉक्टर म्हणाले, साडेचार तासांच्या आत आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. थावरूने त्यांना एवढंच सांगितलं, "साहेब, आम्ही आठला पोचल्तो. दवाखान्यातच होतो."

जमलीबाई जगली. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

आता माझं म्हणाल तर मी म्हातारा झालोय. चिकटपट्टी धरेना, फुग्यातून हवा फुसफुसायला लागली. उपकेंद्रात बटणाचं नवं मशीन आलं, अण्णांना ते फार आवडतं. मला अडगळीत टाकणार होते, पण अर्पिताने मागून घेतलं, चिकटपट्टी आणि फुगा बदलून घेतला आणि काटा तपासून आणला. आता मी तांड्यावर राहतो. दंड मोकळा नसेल तर ती मला कोपराखाली बांधते आणि तसं लिहिते. त्या एकेचाळीस माणसांना तिने पुन्हा मोजलं. सतरा जणांचं बीपी वाढलेलं निघालं. कुणालाच माहीत नव्हतं.

रोज सकाळी आम्ही जमलीबाईकडे जातो. उजव्या दंडावर बलिया अजून आहेत, पण तो हात हलत नाही. डावा दंड उघडा आहे. नवरा असताना उघडा दंड, म्हणून बायका सुरुवातीला कुजबुजल्या. थावरू तिच्याशेजारी बसून म्हणतो, "मी दिसून राह्यलो ना? मंग झालं तर." मला बघितलं की ती स्वतःच पदर बाजूला करते आणि डावा हात पुढे करते.

माझं एकच मागणं आहे. ते रजिस्टर अजून उपकेंद्राच्या कपाटात आहे. त्यात लिहिलंय: जमलीबाई थावरू राठोड, एकशेवीस बाय ऐंशी. कुणीही ते खोडलेलं नाही, आणि वरच्या कचेरीत आमच्या तांड्याची तीच तब्येत पोचलेली आहे. मला हात नाहीत. तुम्हाला आहेत. ती ओळ खोडा, आणि खोडून झाल्यावर तिच्या घरी जाऊन सांगा की खोडली. तिला बोलता येत नाही, पण ऐकू येतं.