शीळवाल्या म्हातारीच्या तोंडातली पत्रे

मी एक जुना सुळका आहे. मित्रांनो, अकरा वर्षे माझे तोंड लोकांच्या पत्रांनी बंद होते, म्हणून ही हकिगत सांगायला उशीर झाला.

माझा जन्म कधीचा, मला ठाऊक नाही. मी एका मोठ्या डोंगराचा भाग होतो. भोवतालचा मऊ दगड ऊनपावसाने झिजला आणि मी एकटा उरलो. माझ्या अंगात माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर एक आडवी भेग आहे. वारा आला की तिच्यातून शीळ घुमायची. मेंढपाळ सांगत, एक म्हातारी हरवलेल्या मेंढीला शीळ घालता घालता दगड झाली. झाले, माझे नाव पडले शीळवाली म्हातारी. मी सुळका, म्हातारी कसली! पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? धुक्यात माझ्या शिळेवरून लोक वाट ओळखत. ते माझे कामाचे दिवस होते.

पुढे पायथ्याच्या गावातल्या एका शिक्षिकेने कादंबरी लिहिली. नाव तेच ठेवले, गोष्ट बदलली. तिच्या पुस्तकातली म्हातारी शीळ घालत नाही, ऐकते. तिच्या भेगेत चिठ्ठी टाकली, की ज्याच्याशी बोलायचे राहून गेले त्याला ती पोचते. पुस्तक गाजले. वाचक बसने येऊ लागले. दगड असूनही माझ्या अंगावर मूठभर मांस चढले.

मग चिठ्ठ्या सुरू झाल्या. आधी हाताने, मग काडीने, मग छत्रीच्या टोकाने ढकलून. शीळ बारीक होत गेली आणि एका हिवाळ्यात थांबली. कागदांनी पाणी धरून ठेवले. आमच्या उंचावरच्या कडाक्याच्या थंडीत ते गोठून फुगे आणि मला आतून रेटत राही. ओरडावे तर तोंडात बोळा. लोक मला टेकून फोटो काढत आणि म्हणत, "किती शांत आहे ना ही!"

गेल्या वर्षी माझा एक तुकडा खालच्या रस्त्यावर पडला. रस्त्याचे इंजिनिअर आले. हातोडीने ठोकून, कान लावून म्हणाले, "पोकळ वाजतोय. थंडीआधी भेग रिकामी झाली तर वाचेल. नाहीतर सुरुंग."

चिठ्ठ्यांना हात लावायला कोणी धजेना. शेवटी त्या शिक्षिकेची मुलगी आली. शिक्षिका त्याच उन्हाळ्यात वारली होती. मुलीने स्वयंपाकघरातला लांब चिमटा आणि चार रिकामी पोती आणली होती.

"आईनं लिहिलं आणि लेक उपसतेय," बसचा ड्रायव्हर म्हणाला. "पाप लागेल, ताई."

"आईचा पसारा मीच आवरतेय, काका. कपाटं झाली, आता हा."

नऊ दिवस ती कागद काढत होती. बहुतेकांचा लगदा झाला होता. काहींची पहिली ओळ शाबूत होती. 'दादा, माझंच चुकलं.' 'बाबा, फोन उचलत नाही म्हणून रागावू नका.'

"अहो, यातली निम्मी माणसं जिवंत आहेत," ती इंजिनिअरना म्हणाली. "हे अक्षर ओळखीचं आहे, हे दादा तर आमच्याच गल्लीत राहतात."

दहाव्या दिवशी इंजिनिअरनी पुन्हा ठोकून पाहिले. सुरुंग टळला. पण आतले तडे वाढले होते, म्हणून मला पोलादी जाळीत बांधायचे ठरले. कामगार जाळी उलगडत असताना मुलीने पिशवीतून एक पाकीट काढले. त्यावर फक्त 'आई' लिहिले होते. ते हातात धरून ती भेगेसमोर उभी राहिली.

"टाका की," इंजिनिअर हळूच म्हणाले. "एकानं काय होतंय?"

"प्रत्येकानं हेच म्हटलं असणार," ती म्हणाली, आणि तिने पाकीट परत पिशवीत ठेवले.

आता मी जाळीत आहे. वाचलो, पण सुटलो नाही. मित्रांनो, आमच्या गोष्टी सांगा, हव्या तशा बदला, आम्हाला पाहायलाही या. पण दगडाला काही पोचवता येत नाही. तुमच्या चिठ्ठीतले माणूस अजून दार उघडू शकत असेल, तर आधी त्याच्याकडे जा.